स्लीपमधून उठल्यावर सर्व्हरचे फोल्डर का बंद होतात?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या छोट्या कार्यालयांत, म्हणजे पतसंस्था, आंब्याच्या पेढ्या, डीटीपीची दुकाने, कर सल्लागार, दवाखाने, लॉज अशा ठिकाणी, हल्ली चार-सहा संगणक एकाच सामायिक फोल्डरवर काम करतात. तो फोल्डर कुठे आतल्या खोलीतल्या संगणकावर असतो, कुठे नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या दोन डिस्कच्या पेटीवर. दोघांनाही इथे सर्व्हर म्हटले आहे. रायगडपासून सावंतवाडीपर्यंत तक्रार मात्र एकच ऐकू येते. संगणक स्लीपमध्ये जाऊन उठला की डी ड्राइव्हवरचे फोल्डर जसेच्या तसे उघडे असतात, सर्व्हरवरचे तेवढे नाहीसे झालेले. विंडो एकतर बंद होते किंवा 'होम'वर, जुन्या विंडोजमध्ये 'धिस पीसी'वर, जाऊन बसते. मग कोणत्या हंगामाच्या, कोणत्या गावच्या, कोणत्या बागायतदाराच्या फोल्डरमध्ये काम चालले होते ते आठवायचे आणि पुन्हा एकेक पायरी खाली उतरायचे.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे 'स्लीपच बंद करून टाका'. परिणामी संगणक रात्रभर चालू राहतात. साधा डेस्कटॉप काहीही न करता ५० वॅट घेतो असे धरले, तरी संध्याकाळी सात ते सकाळी नऊ या १४ तासांत ०.७ युनिट वीज जाते. सहा संगणकांची एका रात्रीत चार युनिटांहून अधिक. स्लीपमध्ये तोच डेस्कटॉप दोन-तीन वॅटवर भागवतो. शिवाय पावसाळ्यात रात्री लाईट गेली की हे चालू संगणक इन्व्हर्टरची बॅटरी खाऊन टाकतात आणि सकाळी खरे काम सुरू करताना ती रिकामी असते. हा सल्ला आम्हाला मान्य नाही. दुखणे बरे करता येते आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, फार तर राउटरसाठी एक छोटा यूपीएस.

आधी कारण. स्लीपमध्ये संगणकाची रॅम जागी असते, त्यामुळे फाइल एक्सप्लोररला आपण कुठे होतो ते पक्के ठाऊक असते. नेटवर्क कार्ड मात्र झोपलेले असते आणि सर्व्हरशी असलेली जोडणी तुटलेली असते. उठताना पडदा एक-दोन सेकंदांत उजळतो. नेटवर्कला तेवढे चपळ होता येत नाही. केबल असेल तर कार्ड आणि स्विच यांना वेगाची बोलणी पुन्हा करावी लागतात. वायफाय असेल तर राउटरशी नव्याने जुळणी, मग आयपी पत्ता, मग सर्व्हरच्या नावाचा शोध. याला कधी पाच सेकंद लागतात, कधी वीस. त्यात नॅसची डिस्क फिरायची थांबलेली असली तर ती वेग घेईपर्यंत आणखी काही सेकंद जातात. एक्सप्लोरर तेवढा थांबत नाही. उठल्याबरोबर तो उघड्या फोल्डरची चौकशी करतो, उत्तर येत नाही, आणि फोल्डर अस्तित्वातच नाही असे समजून तिथून बाहेर पडतो. वीस सेकंदांनी सर्व्हर हजर होतो तेव्हा विंडो गेलेली असते आणि ती परत आणायची जबाबदारी विंडोजमध्ये कुणावरच नाही.

इथे एका सेटिंगबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण जो तो तेच सुचवतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'व्ह्यू' या भागात 'रिस्टोअर प्रीव्हियस फोल्डर विंडोज ॲट लॉगऑन' अशी चौकट आहे. ती जरूर चालू करावी. पण ती संगणक रिस्टार्ट झाल्यावर किंवा लॉगऑफ करून पुन्हा लॉगऑन केल्यावरच उपयोगी पडते. स्लीपमधून उठणे म्हणजे लॉगऑन नव्हे. पासवर्ड विचारला जातो म्हणून तसे वाटते इतकेच. आत सत्र जुनेच चालू असते. त्यामुळे ही चौकट चालू करूनही फरक पडला नाही म्हणून विंडोज नव्याने टाकायची गरज नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक परीक्षा करावी. संगणक स्लीपमध्ये घाला, दोन मिनिटांनी उठवा, घड्याळ लावून तीस सेकंद काहीही करू नका. मग एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचे नाव, पुन्हा एक रेघ आणि फोल्डरचे नाव टाइप करून एंटर दाबा. फोल्डर लगेच उघडला तर जोडणी ठणठणीत आहे आणि प्रश्न फक्त विंडो परत आणण्याचा आहे. उघडला नाही, किंवा पासवर्ड विचारला, तर आधी जोडणी सुधारावी लागेल. त्याशिवाय पुढचे सगळे फुकट. मॅप केलेल्या ड्राइव्हवर (सर्व्हरच्या फोल्डरला दिलेल्या झेडसारख्या अक्षरावर) लाल फुली दिसते पण दोनदा क्लिक केल्यावर तो उघडतो, याला बिघाड म्हणू नये. ती फुली जुनी स्थिती दाखवत असते.

जोडणीतला पहिला दोष बहुतेक वेळा सर्व्हरच्याच जागी सापडतो: ज्या संगणकावर फोल्डर आहे तोच झोपलेला असतो. छोट्या कार्यालयात सर्व्हर म्हणजे बहुधा साधा विंडोजचा डेस्कटॉप, आणि त्याची स्लीपची वेळ जशी आली तशीच ठेवलेली असते. त्या एका संगणकावर पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप 'नेव्हर' करावे. पडदा बंद होऊ द्यावा, संगणक नको. कार्यालयात जागा राहायला हवा असा हा एकच. बाकीच्यांनी खुशाल झोपावे.

दुसरा दोष कोकणात फार आढळतो आणि तो सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. संगणक इन्व्हर्टरवर असतात, पण राउटर आणि स्विच कोपऱ्यातल्या साध्या प्लगवर. जून ते सप्टेंबर लाईट दिवसातून अनेकदा डोळा मारते. प्रत्येक वेळी संगणक तगतो, स्विच मरतो आणि पुन्हा उठतो. राउटरला तर पूर्ववत व्हायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात सर्व्हरवरच्या सगळ्या विंडो गेल्या, स्लीप नसतानाही. राउटर आणि स्विच इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यावेत, किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस लावावा. तो घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, स्विच मात्र ५ किंवा ९ व्होल्टचाही निघतो, आणि चुकीची पिन बसली तर पेटी जळते. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस मोड'ची कळ असेल तर ती त्याच बाजूला हवी. दुसऱ्या मोडमध्ये पालटायला जास्त वेळ लागतो आणि संगणक रिस्टार्ट होतात.

राउटर रिस्टार्ट झाल्यावर आणखी दोन गोष्टी बिघडतात. सर्व्हरला नवा आयपी पत्ता मिळू शकतो. म्हणून राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, सेटिंगमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क कार्डासाठी पत्ता राखून ठेवावा. आणि कधीकधी विंडोज त्या नेटवर्कला अनोळखी समजून 'पब्लिक' ठरवते. मग फायरवॉल फाइल शेअरिंग अडवते. सर्व्हरवर नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे ना, हे एकदा बघावे.

किनाऱ्यालगतच्या गावांत केबलच्या टोकाकडेही बघा. खाऱ्या दमट हवेत आरजे-४५ जॅकच्या पिना काळवंडतात. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभर मेगाबिटला चारच. एक पिन खराब झाली की उठताना कार्ड आणि स्विच यांची बोलणी लांबतात, जोडणी कमी वेगावर येते किंवा लागते-सुटते. नेटवर्क कार्डाच्या 'स्टेटस'मध्ये वेग १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसला आणि स्विच गिगाबिटचा असेल, तर आधी टोक कापून नवा जॅक मारावा.

संगणकाच्या बाजूने डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमधले 'पॉवर मॅनेजमेंट' उघडून, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढावी. काही नव्या लॅपटॉपवर हा भागच दिसत नाही, कारण तिथे जुनी स्लीप नसून 'मॉडर्न स्टँडबाय', म्हणजे फोनसारखी अर्धवट झोप, असते. आपला संगणक कोणत्या जातीचा आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक जागा, तिरकी रेघ आणि 'ए' लिहून कळते: यादीत 'एस-३' असेल तर जुनी स्लीप, 'एस-० लो पॉवर आयडल' असेल तर मॉडर्न स्टँडबाय. हे लिहून ठेवा, पुढे लागेल. एस-३ असलेल्या डेस्कटॉपवर पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागात 'अलाऊ हायब्रिड स्लीप' चालू असावी. त्यात रॅमची प्रत डिस्कवरही लिहिली जाते, म्हणून झोपेत लाईट गेली तरी उघडे काम परत येते. डिस्कवर त्यासाठी रॅमच्या साधारण ४० टक्के जागा जाते. ८ जीबी रॅमला तीन-सव्वातीन जीबी. एवढी किंमत कोकणातल्या पावसाळ्यात नक्कीच परवडते.

पासवर्डचा घोळ वेगळा. उठल्यावर सर्व्हर पासवर्ड मागत असेल तर सर्व्हरवर एक साधे लोकल खाते काढून त्याचे नाव आणि पासवर्ड प्रत्येक संगणकाच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजच्या पासवर्डांच्या वहीत) 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खाली नोंदवावेत. पिन इथे चालत नाही. तो ज्या त्या संगणकापुरताच असतो. एक सर्व्हर कधी नावाने आणि कधी आयपी पत्त्याने उघडू नये, विंडोज त्यांना दोन वेगळे सर्व्हर मानते. आणि एकाच सर्व्हरवर दोन वेगळ्या खात्यांनी शिरायचा प्रयत्न झाला तर १२१९ क्रमांकाची चूक येते. कटकट नको म्हणून शेअरवरचा पासवर्डच काढून टाकलेला काही ठिकाणी दिसतो. खातेदारांची कागदपत्रे आणि रुग्णांचे अहवाल ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथे हे करणे अक्षम्य आहे.

१५ मिनिटे हालचाल नसली की सर्व्हर जोडणी सोडतो, ती मुदत आदेश देऊन काढून टाका, असेही सांगितले जाते. काढली तर नुकसान नाही. पण ती जोडणी फोल्डरला हात लावताच आपोआप परत येते आणि झोपेच्या दुखण्याशी तिचा संबंध नाही.

आता मुख्य काम: सर्व्हर हजर झाला की विंडो आपोआप परत उघडणे. त्यासाठी विंडोजचे टास्क शेड्युलर (ठरलेल्या प्रसंगी काम चालवणारी सोय) उघडून नवे टास्क बनवायचे, 'क्रिएट टास्क' घेऊन, 'बेसिक' घेऊन नव्हे. ट्रिगर 'ऑन ॲन इव्हेंट' निवडावा: लॉग 'सिस्टिम', सोर्स 'पॉवर ट्रबलशूटर', इव्हेंट आयडी १. स्लीपमधून उठल्यावर विंडोज ही नोंद करते. मॉडर्न स्टँडबाय असलेल्या लॅपटॉपवर सोर्स 'कर्नल पॉवर' आणि आयडी ५०७ द्यावा. हे जड वाटत असेल आणि उठताना पासवर्ड विचारला जात असेल, तर 'ऑन वर्कस्टेशन अनलॉक' हा ट्रिगरही चालतो. फक्त तो दर वेळी लॉक उघडल्यावर धावतो.

टास्क फसते ते बहुधा चार ठिकाणी. 'रन ओन्ली व्हेन युजर इज लॉग्ड ऑन' हेच निवडायचे. दुसरा पर्याय घेतला तर काम पडद्यामागे होते आणि विंडो कुणाला दिसत नाही. 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ची खूण लावायची नाही. वाढीव अधिकाराच्या सत्राला आपले मॅप केलेले ड्राइव्ह सहसा दिसत नाहीत. 'कंडिशन्स'मध्ये संगणक थेट विजेवर असेल तरच चालवा अशी खूण आधीपासून असते, ती लॅपटॉपवर काढायची. आणि टास्कमध्ये झेड किंवा एक्स अशा ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाचा पूर्ण पत्ता द्यायचा.

टास्कने एक छोटी बॅच फाइल, म्हणजे आदेशांची यादी असलेली मजकुराची फाइल, चालवायची, तिचा गाभा म्हणजे थांबणे. 'इफ एक्झिस्ट' या आदेशाने सर्व्हरवरचा फोल्डर दिसतो का ते बघायचे. दिसत नसेल तर 'टाइमआउट'ने पाच सेकंद थांबून पुन्हा बघायचे. असे २४ वेळा, म्हणजे सुमारे दोन मिनिटे, आणि तरीही नसेल तर मुकाट बंद व्हायचे. मोजणी ठेवलीच पाहिजे, नाहीतर लॅपटॉप घरी नेल्यावर ती फाइल रात्रभर सर्व्हर शोधत बसेल. फोल्डर दिसला की 'एक्सप्लोरर' आणि पुढे अवतरणचिन्हांत पत्ता, जितके फोल्डर हवे तितक्या ओळी. दोन ओळींमध्ये एक सेकंदाचा विसावा द्यावा. अनेक जण इथे 'पिंग', म्हणजे सर्व्हर उत्तर देतो का ते विचारणारा आदेश, वापरतात. तो वापरू नये. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असे उत्तर आपल्याच संगणकाकडून आले तरी पिंग ते यश धरतो. शिवाय सर्व्हर पिंगला उत्तर देतो तेव्हा फाइल शेअरिंग सुरू झालेले असेलच असे नाही.

रोज तेच तीन-चार फोल्डर लागतात अशा कार्यालयाला एवढे पुरते. पण डीटीपीच्या दुकानात किंवा कर सल्लागाराकडे रोज वेगळी प्रकरणे उघडी असतात, तिथे उघड्या विंडोंची यादी लक्षात ठेवावी लागते. पॉवरशेल या विंडोजच्या आदेश-साधनातून 'शेल डॉट ॲप्लिकेशन' या कॉम ऑब्जेक्टला 'विंडोज' विचारले की उघड्या एक्सप्लोरर विंडो मिळतात. प्रत्येकीचा पत्ता 'लोकेशन यूआरएल'मधून घेऊ नये, कारण देवनागरी नावे तिथे टक्केवारीच्या खुणांनी भरलेली येतात. 'डॉक्युमेंट', 'फोल्डर', 'सेल्फ', 'पाथ' अशा क्रमाने घेतला तर 'देवगड हापूस' हे नाव 'देवगड हापूस' असेच येते. ही यादी दर पाच मिनिटांनी एका फाइलमध्ये लिहायची. झोपताना लिहू असे म्हणू नये. तोवर संगणक झोपेच्या वाटेवर असतो आणि काम अर्धवट राहते.

यात एक सापळा आहे. उठल्याबरोबर पाच मिनिटांची पाळी आली तर एक्सप्लोररने विंडो आधीच टाकलेल्या असतात, आणि चांगल्या यादीवर रिकामी यादी लिहिली जाते. म्हणून दोन अटी घालाव्यात: सर्व्हरवरचा फोल्डर दिसत नसेल तर लिहू नये, आणि यादीत सर्व्हरचा एकही पत्ता नसेल तर जुनी यादी तशीच ठेवावी. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये यादी 'आउट फाइल'ने लिहावी. 'सेट कंटेंट' काही न सांगता जुन्या लिपिसंचात लिहितो आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. उठल्यावरच्या टास्कने हीच यादी वाचायची आणि वरच्यासारखे थांबून एकेक पत्ता उघडायचा. टास्कमधून पॉवरशेल चालवताना 'एक्झिक्युशन पॉलिसी बायपास' द्यावे लागते, नाहीतर स्क्रिप्ट सुरूच होत नाही. साध्या बॅच फाइलमध्ये मराठी नावाचा पत्ता लिहायचा असेल तर ती बीओएमशिवाय (सुरुवातीच्या अदृश्य खुणेशिवाय) यूटीएफ-८ या लिपिसंचात जतन करून वर 'सीएचसीपी ६५००१' ही ओळ हवी. सगळ्यात सोपे म्हणजे शेअरचे वरचे नाव रोमन अक्षरांत छोटे ठेवावे, आतली नावे मराठीत हवी तेवढी असोत.

हे सगळे फोल्डरच्या विंडोपुरते आहे. सर्व्हरवरची उघडी फाइल ही निराळी आणि जास्त नाजूक बाब. ॲक्सेसचा डेटाबेस किंवा सर्व्हरवर डेटा असलेला हिशेबाचा प्रोग्राम उघडा ठेवून संगणक झोपवू नये. लिहिण्याच्या मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडू शकतो. एक्सेलची फाइल उघडी राहिली तर सहकाऱ्याला ती दुसऱ्याच्या नावाने अडकलेली दिसते. तेव्हा अशा प्रोग्रामांतून बाहेर पडूनच जेवायला उठावे. स्लीपची वेळ पाच मिनिटांवर ठेवण्याचा मोहही टाळावा. अर्धा तास योग्य.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक कार्यालये ११ वर आली. ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो संस्करणावर एसएमबी सायनिंग (फाइल शेअरिंगच्या संदेशांवर डिजिटल सही) सक्तीचे झाले आहे आणि पासवर्डशिवायचा पाहुणा प्रवेश बंद आहे. राउटरच्या यूएसबीत पेनड्राइव्ह खोचून केलेले शेअर किंवा जुने नॅस तिथे उघडत नाही, आणि लोक दोष स्लीपला देतात. वर सांगितलेली तीस सेकंदांची परीक्षा अशा ठिकाणी रिस्टार्ट केल्यावरही नापास होते, त्यावरून ओळखावे. उपाय म्हणजे नॅसचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे आणि खाते-पासवर्ड ठेवणे. सुरक्षेच्या सोयी बंद करणे नव्हे.

टास्क बसवल्यावर तीनदा तपासावे: एक मिनिटाच्या झोपेनंतर, अर्ध्या तासाच्या झोपेनंतर, आणि झोपेत असताना राउटर बंद-चालू करून. तिसरी चाचणी पावसाळ्याची आहे, ती चुकवू नये. टास्क धावलेच नाही असे वाटले तर टास्क शेड्युलरमध्ये उजवीकडे 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी' चालू करावी. ती बहुधा बंद असते, म्हणून 'हिस्टरी' रिकामी दिसते. नोंद आहे पण विंडो नाही, तर बॅच फाइल हाताने दोनदा क्लिक करून चालवावी आणि पत्त्यातले स्पेलिंग, जागा आणि अवतरणचिन्हे बघावीत. हाताने चालते पण टास्कमधून नाही, असे असेल तर वर सांगितलेल्या चार जागा पुन्हा तपासाव्यात.

आपले,
छोट्या कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करणारे काही तंत्रज्ञ,
रत्नागिरी